मोड आलेल्या मालाची किंमत

जळगावच्या दाणा बाजारात माझी अडत आहे. धान्याची मूठ भरली की ओल किती, माती किती, भुंगा लागलाय का, हे हातालाच कळतं. शंका आली तर दाणा दाताखाली धरायचा. कट्कन फुटला तर माल वाळलेला, चामट लागला तर ओला. या धंद्यात बोलणं खुंटतं ते एकाच मालापुढे, मोड आलेल्या. काढणीच्या तोंडावर अवकाळी कोसळला की ज्वारीचं कणीस उभ्या शेतात फुटतं. शेतकरी पोतं सोडतो, आम्ही मूठ उघडतो, दाण्याच्या टोकाला पांढरी शेपटी दिसते आणि दोघंही गप्प बसतो.

त्यामुळे चेक देशातल्या प्ल्झेन गावी, जगात नावाजलेल्या एका बिअर कारखान्यात, गाइड मुलीनं माझ्या तळहातावर चिमूटभर दाणे ठेवून सांगितलं की हे धान्य मुद्दाम भिजवून मोड आणलेलं आहे, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मग घेतं कोण?" जावयानं याचं भाषांतर केलं नाही.

लेक-जावई प्रागला असतात. तिथून प्ल्झेन रेल्वेनं दीडेक तास. गाडी घरीच ठेवली, कारण त्या देशात पिऊन गाडी चालवायला थेंबाचीही सूट नाही. मायलेकी बाजारात गेल्या आणि आम्ही दोघं कारखान्यात. सासरे-जावई मिळून बिअर बघायला निघाले, हे खानदेशात कुणाला सांगायची सोय नाही. जावई मला मामा म्हणतात, मी त्यांना पाहुणे म्हणतो, आणि हे अंतर दोघांनी तळघरापर्यंत नीट सांभाळलं.

आधी गावाची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं लागेल. प्ल्झेन 1295 मध्ये राजा दुसऱ्या वेन्सेस्लासनं वसवलं आणि तिथल्या 260 घरांना बिअर गाळायचा हक्क दिला. पुढची पाचशे वर्षं ज्यानं त्यानं आपापली केली. कुणाची बरी, कुणाची आंबलेली. 1838 मध्ये गावाचा संताप इतका झाला की 36 पिंपं बिअर नगरपालिकेसमोर ओतून दिली. आपल्याकडे रस्त्यावर दूध ओततात किंवा कांदा फेकतात, तोच प्रकार. मग हक्कवाल्यांनी एकत्र येऊन एकच सामाईक कारखाना काढला. सहकारी साखर कारखाना पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. फरक इतकाच, की यांनी कारखाना बांधून झाल्यावर अध्यक्षाआधी कारागीर शोधला. शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. त्यानं 5 ऑक्टोबर 1842 ला पहिला घाणा लावला आणि निघाली ती पारदर्शक, सोनेरी बिअर. त्याआधीच्या बिअर बहुतेक करून गढूळ, तांबूस किंवा काळपट असत. आज जगात जी पिवळीधमक बिअर विकली जाते, आपल्याकडच्या दुकानातली धरून, तिचं खापरपणजोबांचं घर हेच. पिल्सनर म्हणजे पिल्सनची, आणि पिल्सन हे प्ल्झेनचं जर्मन नाव.

(आपल्याकडे नवापूर स्टेशनावरचं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे आणि बाकड्याच्या त्या टोकाला 1960 पासून दारूबंदी. सीमा ओलांडून कारागीर आणायचा म्हटलं तर आपल्याला मध्य प्रदेशाकडेच बघावं लागेल.)

आता तळहातावरच्या त्या दाण्याकडे येतो. सगळी विद्या त्यातच आहे.

धान्य आहे सातू, म्हणजे जव. कुठलाही दाणा म्हणजे कोंबाची शिदोरी. आत पिष्ट भरलेलं असतं, पण ते कोंबाला जसंच्या तसं खाता येत नाही. म्हणून दाण्याला पाणी लागलं की तो आधी हत्यारं तयार करतो. ही हत्यारं म्हणजे एन्झाइम. पिष्टाची लांब साखळी कापून तिची साखर करणं हे त्यांचं काम. बिअरवाल्याला नेमकी हीच हत्यारं हवी असतात. तो जव दोनेक दिवस पाण्यात भिजवतो, मधूनमधून पाणी काढून दाण्याला श्वास घेऊ देतो. ओल 42 ते 45 टक्क्यांवर गेली की दाणा पसरून चार-पाच दिवस गारव्यात मोड येऊ देतो आणि सतत हलवत राहतो, नाहीतर मुळ्यांचा गुंता होऊन चटईच होते. मग हत्यारं तयार आहेत पण कोंबानं शिदोरी अजून संपवलेली नाही, अशी वेळ साधून तो गरम हवेनं दाणा वाळवतो. शेवटी 80-85 अंशांपर्यंत नेतो. कोंब मरतो, ओल चार-पाच टक्क्यांवर येते, एन्झाइम झोपी जातात. मुळ्या घासून पाखडल्या की जे उरतं ते माल्ट. बोर्नव्हिटाचा डबा उघडल्यावर जो वास येतो ना, तो याचाच.

ज्वारी पावसात भिजते तेव्हाही शेतात हेच घडत असतं. फक्त आपल्याकडे ते थांबवायला कुणी नसतं, म्हणून कोंब दाणा खाऊन टाकतो, वर बुरशी चढते. घरात मात्र हे काम आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. बाळाला देतात ते नागलीचं सत्त्व आठवा. नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. ते अक्षरशः माल्ट आहे. खात्री करायची असेल तर तांदळाच्या पिठाची चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज करा. चटका बसेल पण उकळत नसेल इतपत निवू द्या. मग त्यात मोड आणलेल्या नागलीचं एक चमचा पीठ घालून ढवळत राहा. दहा मिनिटांत पेज पातळ होते, डोळ्यांदेखत, पाण्याचा थेंब न घालता. जिभेवर किंचित गोडही लागते. आमच्या घरी हा प्रयोग परत आल्यावर केला. बायको म्हणाली, "हे सांगायला तुम्ही युरोपात गेलात?"

उकळत्या पेजेत घातलं तर काही होत नाही, कारण एन्झाइम जास्त तापले की मरतात. बिअर कारखान्यातल्या पुढच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ याच एका अडचणीत आहे. माल्ट भरडायचं, पण डाळमिलीसारखं साल वेगळं काढायचं नाही. साल जितकं अखंड राहील तितकं बरं, कारण पुढे रस गाळताना त्याच सालांचा थर गाळणीचं काम करतो. भरड कोमट पाण्यात कालवायची. साधारण 62 ते 65 अंशांवर एक एन्झाइम जोरात चालतो, त्याची साखर यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवाला, पूर्ण पचते. 72 च्या आसपास दुसरा चालतो, तो काही साखर न पचणारी ठेवतो आणि त्यानं बिअरला अंग येतं. 78 च्या वर गेलात की दोघंही गेले. म्हणजे दहा-पंधरा अंशांच्या फरकात सगळा खेळ, आणि जुन्या काळी थर्मामीटर नाही.

त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. आपण आंघोळीच्या कडकडीत पाण्यात विसण घालतो, किती घालायचं ते हाताला ठाऊक असतं. यांनी उलटं केलं. एकूण घाण्यातला साधारण तिसरा हिस्सा काढायचा, वेगळ्या तांब्याच्या कढईत खळखळ उकळायचा, परत मूळ घाण्यात ओतायचा. उकळत्याचं तापमान नेहमी तेच, हिस्सा नेहमी तोच, त्यामुळे सगळा घाणा दर वेळी ठरल्याइतकाच तापतो. पहिल्यांदा पन्नासच्या आसपास, दुसऱ्यांदा साठीच्या पुढे, तिसऱ्यांदा सत्तरीपार. असं तीनदा. आता थर्मामीटर आहेत, संगणक आहेत, बहुतेक कारखान्यांनी ही पद्धत वेळखाऊ म्हणून सोडून दिली. प्ल्झेनवाले अजून तीनदाच करतात, तेही कढईखाली उघडा जाळ लावून. उकळताना तळाशी थोडं लागतं, किंचित करपतं, त्यानं रंग आणि खमंगपणा येतो. पुरण आटवताना तळाला लागलेली खरवड कुणाला मिळणार यावरून आमच्या घरी भांडणं झालेली आहेत, त्यामुळे हा मुद्दा मला लगेच पटला.

गाळून निघतं ते नुसतं गोड पाणी, त्याला वर्ट म्हणतात. उरलेला चोथा जनावरांना जातो, आपल्या सरकीच्या ढेपेसारखा.

पाण्याचा मुद्दाही इथेच सांगून टाकतो. प्ल्झेनचं पाणी फार मऊ आहे, क्षार जवळपास नाहीतच. आपल्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिट्ट्या मारूनही टचटचीत राहते, त्याच्या अगदी उलट. जड पाण्यात फिकं माल्ट घातलं तर रसाची आम्लता बिघडते आणि कडवटपणा घशाला बोचतो. काळं, भाजलेलं माल्ट जरा आंबट असतं, ते जड पाण्याशी जुळवून घेतं. डब्लिनसारख्या जड पाण्याच्या गावांत काळ्या बिअर का रुजल्या आणि सोनेरी बिअर प्ल्झेनलाच का जमली, त्याचं मोठं कारण हे. हल्ली पाणी शुद्ध करून हवे तितके क्षार घालता येतात, त्यामुळे बिअर कुठेही कुठलीही होते.

मग हॉप्स. वेलाला लागणारी हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. फक्त मादी वेलाची. गाइडनं एक बोंड चुरायला दिलं. आत पिवळी पूड असते, बोटांना चिकटते, वास गवताचा, लिंबाच्या सालीचा आणि थोडा गांजाचाही. तसा तो यायचाच, कारण वनस्पतीशास्त्रात दोघं एकाच कुळातले. झातेत्स भागातले त्यांचे हॉप्स इतके नावाजलेले की तिथल्या मळ्यांचा आणि गोदामांचा प्रदेश 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. मी जीभ लावून पाहिली आणि पुढची दहा मिनिटं कडूनिंबाची काडी चावल्यासारखा चेहरा करून हिंडलो. वर्ट उकळताना हॉप्स टाकतात. सुरुवातीला टाकलेले तास-दीड तास उकळून कडवटपणा देतात, पण त्यांचा वास उडून जातो. शेवटी टाकलेले वास देतात. फोडणीतली मोहरी आणि वरून पेरलेली कोथिंबीर, असा हिशोब. कडवटपणा नुसता चवीपुरता नाही. बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना हॉप्स वाढू देत नाहीत. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घातल्यावर घरभर जो आंबूस वास सुटतो, तो त्याच भाऊबंदांचा. कुरडईला तो हवा, बिअरला नको.

आता यीस्ट. 1516 च्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध कायद्यात बिअर फक्त जव, हॉप्स आणि पाण्याचीच करावी असं लिहिलंय, यीस्टचं नावही नाही. कारण असं काही जिवंत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो, तसे ते मागच्या घाण्याचा गाळ पुढच्याला लावत आणि देवाला हात जोडत. एकोणिसाव्या शतकात पाश्चरनं दाखवलं की आंबवणं ही जिवंत पेशींची करणी आहे, आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एका पेशीपासून यीस्टचं शुद्ध बियाणं वाढवलं. तेव्हापासून नशिबाचा भाग कमी झाला. यीस्ट साखर खातं, बदल्यात अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं, वजनानं जवळपास निम्मं-निम्मं. ग्रोलनं बव्हेरियाहून आणलेलं यीस्ट थंडीत, सावकाश काम करणारं आणि काम झालं की तळाशी बसणारं. उष्णतेत घाईनं आंबलेल्या बिअरला फळांचे, मसाल्यांचे वास येतात. थंडीत आंबलेली स्वच्छ लागते. मात्र तिला वेळ द्यावा लागतो. इथे घाणा लावल्यापासून पिण्याजोगं व्हायला पाचेक आठवडे जातात.

बाटल्या भरायचं दालन काचेतून वरून दाखवतात. तासाला 1,20,000 बाटल्या. आवाज प्रचंड, बघण्यासारखं फार नाही. एका लिफ्टमध्ये 72 माणसं मावतात, तिचं त्यांना बाटल्यांपेक्षा जास्त कौतुक.

आणि मग तळघर. कारखान्याखालचे वाळूखडकात हातानं खोदलेले बोगदे, एकूण नऊएक किलोमीटर. हवा पाच अंशांच्या आसपास, भिंती ओल्या, पायाखाली पाणी. भुसावळ-जळगावच्या 45 अंशांत वाढलेल्या माणसानं स्वेटर नेला पाहिजे. मी नेला नव्हता, जावयाचं जाकीट घातलं. यंत्रांची थंडी येण्याआधी हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ तोडून इथे भरत. आज मोठा माल वर पोलादी टाक्यांत होतो. खाली मात्र ओकच्या पिंपांत थोडी बिअर अजून जुन्या पद्धतीनं मुरवतात, म्हणजे टाकीतली चव भरकटली तर ताडून बघता येते. पिंपाला आतून राळ लावलेली असते, त्यामुळे बिअरला लाकडाची चव लागत नाही. आमच्या बाजारात तराजू ताडायला पितळी वजनं ठेवतात, तसं हे पिंप.

एका माणसानं पिंपाची तोटी फिरवून ग्लास भरला. न गाळलेली, न तापवलेली बिअर, त्यामुळे किंचित धुरकट. मी ग्लास घेतला आणि सवयीनं जावयाकडे पाठ केली. मागे वळून पाहिलं तर पाहुण्यांनीही पाठ केलेली. मग दोघांनी मुकाट्यानं समोरासमोर घोट घेतला.

चव घ्यायची कशी, तेही गाइडनं शिकवलं. आधी उजेडाकडे धरून रंग बघायचा. मग ग्लास हलकेच फिरवून नाक लावायचं. इथे भाजक्या पावाचा वास, मागून गवताचा, आणि अगदी बारीक लोण्याचा. घोट तोंडभर फिरवून गिळायचा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात, कारण कडवटपणा गिळल्यानंतर मागून चढतो आणि तो किती वेळ टिकतो हेच बघायचं असतं. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा पाणी प्यावंसं वाटेल असं कोरडं. फार थंड असेल तर जीभ बधिर होते आणि यातलं काहीच कळत नाही. आपल्याकडे बर्फगार मागतात त्यामागे उन्हाळा आहेच, पण चव लपवण्याचीही सोय आहे.

फेसाचंही तसंच. आपल्याकडे ग्लासात फेस दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. तिथे तीन बोटं फेस नसेल तर ग्लास परत जातो. फेस बिअरला हवेपासून झाकतो. त्यांच्याकडे म्लीको, म्हणजे दूध, नावाचा प्रकारच आहे. ग्लासभर नुसता ओला, दाट, गोडसर फेस, एका दमात प्यायचा. जावयानं तो पाजला. ओठांवर मिशी उमटली, तिचा फोटो माझ्या परवानगीशिवाय लेकीकडे गेला.

संध्याकाळी खाणावळीत फलकावर 12 आकडा पाहून मी घाबरलो होतो. बारा टक्के! पण तो अल्कोहोलचा आकडा नाही. यीस्ट घालण्याआधी शंभर ग्रॅम रसात साखर वगैरे मिळून किती ग्रॅम ऐवज विरघळलेला आहे, त्याचा तो आकडा, उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजतात तसा. बाराच्या बिअरमध्ये अल्कोहोल निघतं साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे स्ट्राँग म्हणून विकतात ती आठ टक्क्यांपर्यंत जाते.

दाणा बाजारात परत आल्यावर विचारपूस झाली. पहिला प्रश्न, "मंग, कशी लागनी भो?" आणि मी माल्ट, एन्झाइम, विसण सगळं सांगून संपवल्यावर दुसरा, "ते ठीक, पन चढनी का?" नाही चढली. इथल्या बाटलीला ती चव का नाही, हेही एकानं विचारलं. कारण साधं आहे. बिअरला तीन वैरी: ऊन, उष्णता आणि हवा. उजेड लागला की हॉप्समधलं रसायन बदलून कुबट, जनावरी वास येतो. तपकिरी बाटली तो बऱ्यापैकी अडवते, हिरवी नाही. उष्णतेत मुरली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मे महिन्यात ट्रकच्या टपाखाली तापलेली पेटी नंतर कितीही फ्रिजात ठेवा, पुठ्ठा काही जात नाही.

एकानं पाण्याचं काढलं, आणि ते बरोबरच काढलं. एक लिटर बिअरमागे कारखान्यात तीन ते पाच लिटर पाणी जातं, बरंचसं धुण्यातच. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं. ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथे बसून या आकड्याकडे कौतुकानं बघता येत नाही.

खिशात रुमालाच्या गाठीत ते दाणे होते, गाइडकडून मागून आणलेले. आमचे डाळमिलवाले नाना त्यातला एक दाताखाली धरून म्हणाले, ओल नाही, भुसभुशीत आहे, गोड लागतो. मग त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात पाच-सहा दाणे टाकले. आपण पेरणीच्या बियाण्याची परीक्षा करतो तशी. भरीव दाणा बुडतो, पोचा तरंगतो.

सगळे तरंगले. माल्ट आतून पोकळ, ठिसूळ झालेलं असतं, ते तरंगलं तरच मोड नीट आले असं धरतात. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर नानांनी पेला माझ्याकडे सरकवला होता.

"पोचा माल शे हाई, भो. किती पोती घिदी?"